गोचीड चावते तेव्हा त्वचेत काय घडतं? लाळेतल्या प्रथिनांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोचिडीविषयी विचारले जाणारे बहुतेक प्रश्न तिच्यामुळे होणाऱ्या आजारांचे असतात. लाळेबद्दल क्वचितच कुणी विचारतं. पण गोचिडीचं सगळं जगणं या लाळेवर उभं आहे. रक्त गोठणं, सूज, खाज, पांढऱ्या पेशींची धावपळ हे शरीराचे जखमेला दिले जाणारे नेहमीचे प्रतिसाद. गोचीड ते कसे थांबवते, हे समजलं की आजार कसे पसरतात आणि लस बनवणं इतकं अवघड का जातं, याचाही उलगडा होतो. म्हणून इथे लाळेपासूनच सुरुवात केली आहे.

गोचीड चावलेली कळत का नाही?

बारीक काटा रुतला तरी हात लगेच तिकडे जातो. गोचीड त्याहून मोठी जखम करते, आणि तरी कित्येकदा दोन-तीन दिवसांनी अंघोळ करताना बोटाला काहीतरी टणक लागतं, तेव्हाच तिचा पत्ता लागतो.

जखम झाली की त्या जागी ब्रॅडिकायनिन नावाचं छोटं रसायन तयार होतं. दुखण्याची जाणीव करून देण्यात त्याचा मोठा वाटा असतो. इक्सोडीस स्कॅप्युलारिस या काळ्या पायांच्या गोचिडीच्या लाळेत ब्रॅडिकायनिनचे तुकडे करणारं विकर, म्हणजे रासायनिक काम उरकणारं प्रथिन, सापडलं आहे. दुखण्याचा निरोप तिथल्या तिथे फाडला जातो. खाजेचा बंदोबस्त वेगळा असतो, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

डासही रक्त पितो. मग गोचिडीच्या लाळेचं एवढं काय विशेष?

वेळ. डासाचं काम काही मिनिटांत उरकतं, शरीर सावध होईपर्यंत तो उडून गेलेला असतो. कठीण पाठीची गोचीड मात्र एकाच जागी दिवसचे दिवस बसते. पिल्लं साधारण तीन ते पाच दिवस, पूर्ण वाढलेली मादी आठवडाभर किंवा त्याहूनही जास्त. एवढ्या काळात तिचं वजन शंभर पटीपर्यंत वाढू शकतं.

आठवडाभर एकाच जखमेत तोंड खुपसून बसायचं म्हणजे शरीराच्या साऱ्या फळ्या एकामागून एक अंगावर येणार. पहिल्या काही मिनिटांत रक्त गोठतं. काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी पोहोचतात. आणि प्राण्याला आधी कधी गोचीड चावलेली असेल, तर एक-दोन दिवसांत ओळख पटलेल्या टी पेशी (शत्रू ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी) आणि प्रतिपिंडं (शत्रूला चिकटणारी प्रथिनं) येतात. या प्रत्येकासाठी लाळेत वेगळी तरतूद असावी लागते. मऊ अंगाच्या गोचिडी काही मिनिटांत ते तासा-दोन तासांत पोट भरून निघून जातात. त्यांचा भर मुख्यतः रक्त वाहतं ठेवण्यावर असतो.

तिचं तोंड त्वचेत नेमकं काय करतं?

सूक्ष्मदर्शकाखाली गोचिडीचं तोंड पाहिलं की आधी करवतच डोळ्यासमोर येते. मधोमध एक चपटा दांडा असतो आणि त्याच्यावर मागच्या बाजूला वळलेल्या दातांच्या रांगा असतात. आत जाताना दात आड येत नाहीत, बाहेर ओढताना प्रत्येक दात अडतो. दांड्याच्या वर दोन बारीक कात्र्या असतात. त्या आळीपाळीने त्वचा कापत जातात आणि दांडा पुढे सरकत राहतो. बऱ्याच जाती या जागेभोवती लाळेतूनच सिमेंटसारखा पदार्थ सोडतात. तो घट्ट होऊन तोंड त्वचेत पक्कं बसवतो.

डासाची सोंड थेट रक्तवाहिनीत शिरते. गोचीड तसं करत नाही. ती त्वचेच्या आत बारीक रक्तवाहिन्या फोडून एक छोटं डबकं तयार करते. फुटलेल्या पेशी, रक्त आणि ऊतींमधला द्रव त्यात साचतो. या डबक्यात ती थोडा वेळ लाळ सोडते, थोडा वेळ ओढते, पुन्हा लाळ सोडते. रक्तातलं जादा पाणी आणि क्षार यांचा मोठा हिस्सासुद्धा लाळेवाटेच परत प्राण्याच्या अंगात जातो. म्हणजे जितकं जास्त रक्त प्यावं, तितकी जास्त लाळ आत. लाळेतल्या प्रथिनांना या डबक्याहून सोयीची जागा मिळणार नाही.

विकर म्हणजे काय? गोचीड त्यांच्याच मागे का लागते?

विकरं, म्हणजे एन्झाइम्स, ही शरीरातली रासायनिक कामं भराभर उरकणारी प्रथिनं. त्यांतला एक मोठा गट दुसऱ्या प्रथिनांना ठरावीक जागी कापतो. या गटाला प्रोटिएज म्हणतात. आपल्याकडे इथे मुख्यतः याच गटाचं काम आहे.

रक्त गोठणं आणि सूज येणं या दोन्ही क्रिया उतरंडीसारख्या चालतात. एक प्रोटिएज जागं होतं, ते दुसऱ्याला कापून जागं करतं, दुसरं तिसऱ्याला. दर पायरीला संख्या वाढते. वरच्या पायरीवर मूठभर रेणू असले तरी खालच्या पायरीवर ते लाखोंच्या घरात जातात.

गोचिडीच्या बाजूने पाहा. तिची लाळ थोडी आणि समोर संपूर्ण शरीर. खालच्या पायरीवर लाखो रेणूंशी झुंजायला तिच्याकडे तेवढं प्रथिनच नसतं. वरच्या पायरीवरचे मोजके रेणू पकडले, तर पुढचं सगळं आपसूक थंडावतं. विकरांना पकडण्यात तिचा फायदा आहे तो यामुळे.

मग रक्त गोठत का नाही?

रक्त थांबवायला शरीर तीन गोष्टी करतं. रक्तवाहिनी आकसते, प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून बोळा तयार करतात, आणि त्याच्यावर फायब्रिनचं जाळं विणलं जातं. गोचीड तिन्ही ठिकाणी आडवी येते.

रक्तवाहिनी आकसू नये म्हणून लाळेत प्रोस्टाग्लँडिन ई२ असतं, जे तिला सैल करतं. ते प्रथिन नाही, पण लाळेच्या कामातला मोठा भागीदार आहे. प्लेटलेट्सना हाक मारण्यासाठी फुटलेल्या पेशी एडीपी नावाचं रसायन सोडतात. लाळेतलं अपायरेज हे विकर त्या एडीपीचे तुकडे करतं. हाक मारली जाते आणि वाटेतच विरते.

तिसरी फळी म्हणजे गोठण्याची उतरंड. इथे लाळेतल्या प्रथिनांची सर्वांत मोठी गर्दी आहे. इक्सोडीस स्कॅप्युलारिसमधलं इक्सोलॅरिस हे प्रथिन २००२ मध्ये वर्णन केलं गेलं. ते उतरंडीच्या अगदी सुरुवातीला, टिश्यू फॅक्टर आणि फॅक्टर ७ए या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांच्या जोडीला रोखतं. त्यासाठी फॅक्टर १० चा आधार घेतं, म्हणजे शरीराचंच एक प्रथिन वापरून शरीराचंच दुसरं प्रथिन अडवतं. आपल्या रक्तातही गोठण्याला लगाम घालणारं टीएफपीआय नावाचं प्रथिन असतं आणि तेसुद्धा याच पद्धतीने काम करतं.

मऊ अंगाच्या ऑर्निथोडोरोस मौबाटा या गोचिडीत १९९० साली टॅप नावाचं प्रथिन सापडलं. अवघ्या ६० अमिनो आम्लांचं. ते फक्त फॅक्टर १०ए पकडतं, पण असं पकडतं की सोडत नाही. अँब्लिओमा व्हेरिगेटम या आणखी एका गोचिडीतलं व्हेरिजिन त्याहून लहान, ३२ अमिनो आम्लांचं. ते उतरंडीच्या शेवटाकडच्या थ्रॉम्बिन या विकराला धरतं. थ्रॉम्बिन फायब्रिन तर बनवतंच, शिवाय प्लेटलेट्सना जागं करतं आणि सूज वाढवणारे निरोपही देतं. त्याला धरलं की तीन कामं एकदम थांबतात.

विकर ‘रोखणं’ म्हणजे रेणूच्या पातळीवर नेमकं काय होतं?

हा प्रश्न मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर.

प्रोटिएजच्या अंगावर एक खाच असते. कापायचं प्रथिन त्या खाचेत येऊन बसतं आणि तिथेच कापलं जातं. तिला सक्रिय स्थान म्हणतात. ही खाच निकामी करण्याच्या तीन वेगवेगळ्या तऱ्हा गोचिडीच्या लाळेत दिसतात.

पहिली तऱ्हा कुनिट्झ गटाची. ही प्रथिनं लहान असतात, साधारण ६० अमिनो आम्लांची, आणि गंधकाचे तीन बंध त्यांना घट्ट बांधून ठेवतात. त्यांच्या एका बाजूला एक ताठ फुगवटा असतो आणि तो खाचेत चपखल बसतो. विकराला वाटतं कापायचं खाद्य आलं, पण तो फुगवटा इतका ताठ असतो की कापणं जमत नाही आणि सुटकाही होत नाही. कुलपात चुकीची किल्ली अडकून बसावी तसं. गंमत अशी की टॅपचा साचा कुनिट्झचाच, पण ते हा फुगवटा वापरत नाही. ते आपलं सुरुवातीचं टोक खाचेत घुसवतं. साचा जुना ठेवून पकड नवी काढण्याचे असे प्रकार गोचिडींच्या प्रथिनांत वारंवार भेटतात.

दुसरी तऱ्हा सर्पिन गटाची. सर्पिन हा ताण देऊन ठेवलेला सापळा असतो. त्याच्या अंगातून एक लांब फास बाहेर डोकावत असतो आणि तोच आमिष. विकर त्या फासाला चावतं, कापतंही. कापताक्षणी सर्पिनचा संपूर्ण आकार पालटतो. फास आत ओढला जातो आणि त्याला चिकटलेलं विकर फरफटत सर्पिनच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आदळतं. या झटक्यात विकराची खाच वेडीवाकडी होते. ते कायमचं निकामी होतं. सर्पिनही पुन्हा वापरता येत नाही. एक विकर, एक सर्पिन, दोघंही संपले.

इक्सोडीस रिसिनस या गोचिडीतलं आयआरएस-२ हे असंच सर्पिन. न्यूट्रोफिल पेशींमधलं कॅथेप्सिन जी आणि मास्ट पेशींमधलं (त्वचेतल्या, ॲलर्जी आणि सूज सुरू करणाऱ्या पेशींमधलं) कायमेज ही विकरं ते पकडतं. ही दोन्ही सूज पेटवणारी आहेत. उंदरांवरच्या प्रयोगात आयआरएस-२ दिल्यावर सूज कमी झाली आणि तिथे पोहोचणाऱ्या न्यूट्रोफिल पेशीही कमी झाल्या. आपल्या रक्तातलं अँटिथ्रॉम्बिनसुद्धा सर्पिनच आहे. म्हणजे शरीर स्वतःला आवरण्यासाठी जो लगाम वापरतं, त्याच घडणीचा लगाम गोचीड बाहेरून घालते.

तिसरी तऱ्हा सिस्टॅटिनची. हा पाचरीसारखा रेणू कॅथेप्सिन गटातल्या काही विकरांच्या खाचेत शिरून बसतो. याचा थेट संबंध प्रतिकारशक्तीशी आहे, म्हणून त्याला पुढचा प्रश्न वेगळा ठेवला आहे.

एक विकर थांबवल्याने प्रतिकारशक्ती कशी दबते?

आपल्या त्वचेत डेंड्रायटिक पेशी असतात. बाहेरचं काही आलं की त्या ते गिळतात, त्याचे तुकडे करतात, आणि ते तुकडे एमएचसी-२ नावाच्या तबकात मांडून टी पेशींना दाखवायला घेऊन जातात. टी पेशींनी ओळखलं तरच पुढची लढाई उभी राहते.

ते तबक सुरुवातीला रिकामं नसतं. त्यात एक तात्पुरतं झाकण बसवलेलं असतं. झाकण कापून काढण्याचं काम कॅथेप्सिन एस हे विकर करतं. झाकण निघालं नाही तर तुकडा ठेवायला जागा नाही, आणि तुकडा नाही तर टी पेशींना दाखवणार काय?

इक्सोडीस स्कॅप्युलारिसच्या लाळेत सियालोस्टॅटिन एल आणि सियालोस्टॅटिन एल२ ही दोन सिस्टॅटिन सापडली आहेत. दोन्ही कॅथेप्सिन एल रोखतात आणि कॅथेप्सिन एसवरही काम करतात. प्रयोगशाळेत सियालोस्टॅटिन एल दिल्यावर डेंड्रायटिक पेशी पूर्ण पक्व होत नाहीत आणि टी पेशींची वाढ मंदावते, असं दिसून आलं. गोचिडीतली ही सिस्टॅटिनची जनुकं बंद पाडून तिला सशावर सोडलं, तेव्हा अनेक गोचिडींना नीट पोट भरता आलं नाही. माझ्या दृष्टीने या विषयातला हा फार मोलाचा पुरावा आहे. परीक्षानळीत एखादं प्रथिन काहीतरी करतं, एवढ्याने गोचिडीला त्याची गरज आहे हे सिद्ध होत नाही. ते काढून घेतल्यावर तिची उपासमार झाली, तर मात्र होतं.

खाज का येत नाही?

खाजेचं मुख्य रसायन हिस्टामिन. आफ्रिकेतल्या ऱ्हिपिसेफॅलस ॲपेंडिक्युलेटस गोचिडीच्या लाळेत हिस्टामिनला धरून ठेवणारी प्रथिनं आहेत, त्यांचं वर्णन १९९९ साली झालं. वाटीसारख्या आकाराच्या या प्रथिनांच्या पोकळीत हिस्टामिन जाऊन बसतं. त्यातल्या काहींमध्ये अशा दोन जागा आहेत. पेशींवरच्या ग्राहकांपर्यंत (निरोप घेणाऱ्या रेणूंपर्यंत) हिस्टामिन पोहोचायच्या आत ते या वाट्यांत अडकतं.

मास्ट पेशी हिस्टामिनसोबत ट्रिप्टेज नावाचं विकरही सोडतात. त्याची घडण विचित्र आहे. चार तुकडे गोलाकार बसलेले आणि सगळ्या खाचा आतल्या भोकाकडे तोंड करून. मोठा रेणू आत शिरूच शकत नाही. याच गोचिडीतलं टीडीपीआय हे प्रथिन कुनिट्झच्या घराण्यातलं, पण इतकं आटोपशीर की त्या भोकात मावतं. ते मास्ट पेशींच्या आत, जिथे ट्रिप्टेज साठवलेलं असतं तिथपर्यंत, जाऊन पोहोचतं असंही आढळलं आहे.

‘कॉम्प्लिमेंट’ किंवा पूरक प्रथिनांचं काय?

ही रक्तात कायम फिरणारी, कुठलीही पूर्वओळख न लागणारी पहारेकरी प्रथिनं. त्यांचीही उतरंड असते आणि तिच्यात सी३ व सी५ यांना कापणारी विकरं मधोमध बसलेली असतात. इक्सोडीस स्कॅप्युलारिसमधलं आयसॅक हे प्रथिन सी३ कापणारं विकर-संकुल टिकू देत नाही, ते मोडून पडतं.

ऑर्निथोडोरोस मौबाटामधलं ओएमसीआय दुसऱ्या वाटेने जातं. ते विकराला हातच लावत नाही. ज्याला कापायचं त्या सी५लाच घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे कात्री शाबूत राहूनही कापायला काही हाती लागत नाही. शिवाय त्याच्या पोकळीत ल्युकोट्रायीन बी४ हे पांढऱ्या पेशींना बोलावणारं रसायनही जाऊन बसतं.

म्हणजे लाळेतली सगळी प्रथिनं विकरांनाच रोखतात?

नाही, आणि हा गैरसमज बराच पसरलेला आहे. इव्हॅसिन नावाची प्रथिनं विकरांशी संबंधच ठेवत नाहीत. ती केमोकाइन म्हणजे पांढऱ्या पेशींना ‘इकडे या’ सांगणारे निरोप पकडतात. सॅल्प१५ टी पेशींवरच्या सीडी४ रेणूला चिकटतं आणि त्या पेशीला जागं होऊ देत नाही. जपानिन डेंड्रायटिक पेशींचं वागणंच बदलून टाकतं. याउलट अपायरेज आणि ब्रॅडिकायनिन तोडणारं प्रथिन ही स्वतःच विकरं आहेत.

एकाच कामाला इतकी प्रथिनं कशाला?

एकावर सगळा भार टाकला तर शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करेल आणि गोचीड उपाशी मरेल. म्हणून प्रत्येक कामाला दोन-तीन पर्याय. जनुकांच्या जुन्या प्रतींतून नव्या प्रती निघत गेल्या, प्रत्येक प्रत थोडी वेगळी झाली. आज एकाच जातीच्या लाळग्रंथींत हजारो वेगवेगळी प्रथिनं बनवण्याचे निरोप वाचायला मिळतात.

त्याहून नवल वाटतं ते वेळापत्रकाचं. रक्त पिण्याच्या काळात लाळेतली प्रथिनं बदलत राहतात. आज जे प्रथिन भरपूर आहे ते परवा जवळजवळ गायब आणि त्याच घराण्यातलं दुसरं त्याच्या जागी. शरीर पहिल्याची ओळख पटवून सज्ज होईपर्यंत लाळेने वेश पालटलेला असतो.

या जुगलबंदीचा इतिहास फार जुना आहे. म्यानमारमधल्या सुमारे ९.९ कोटी वर्षांपूर्वीच्या अंबरमध्ये, म्हणजे दगड बनलेल्या झाडाच्या डिंकात, डायनासोरच्या पिसाला बिलगलेली गोचीड सापडली आणि २०१७ मध्ये तिचं वर्णन प्रसिद्ध झालं.

गोचीड चावल्याने संपूर्ण शरीराची प्रतिकारशक्ती कमी होते का?

एका गोचिडीने तसं होत नाही. लाळ थोडी असते आणि तिचा मुख्य परिणाम त्या डबक्यापुरता, त्याच्या आसपासच्या त्वचेपुरता राहतो. सर्दी-खोकल्याशी लढण्याची ताकद तिच्यामुळे जात नाही. जनावराच्या अंगावर गोचिडी शेकड्यांनी असतील तर गोष्ट निराळी. तिथे रक्तक्षय होतो आणि जनावर एकूणच खंगतं.

रोगजंतूंना या सगळ्याचा काय फायदा?

आयतं रान मिळतं. गोचिडीने स्वतःच्या पोटासाठी शांत केलेल्या जागेत जंतू उतरतो, आणि त्या जागी पहारा सैल पडलेला असतो.

गोचिडीतून पसरणाऱ्या लाइम आजाराचा बोरेलिया जंतू तर सॅल्प१५ स्वतःच्या अंगावर पांघरतो. त्याच्या पृष्ठभागावरचं ओएसपीसी प्रथिन सॅल्प१५ला चिकटतं आणि त्या आवरणाखाली जंतू प्रतिपिंडांपासून बचावतो. हे २००५ मध्ये दाखवलं गेलं.

विषाणूंच्या बाबतीत आणखी आश्चर्याची गोष्ट समोर आली. टिक-बॉर्न एन्सेफलायटिस या मेंदूज्वराचा विषाणू असलेली गोचीड आणि विषाणू नसलेली गोचीड एकाच उंदरावर जवळजवळ बसल्या, तर उंदराच्या रक्तात विषाणू फारसा नसतानाही तो एकीकडून दुसरीकडे जातो. हे १९९०च्या दशकातल्या प्रयोगांत दिसलं. त्वचेत शिरलेल्या पांढऱ्या पेशीच त्याची ने-आण करतात. रक्तात विषाणू सापडला नाही म्हणजे तो प्राणी प्रसाराच्या साखळीत नाही, हा जुना समज त्यामुळे मोडला.

वारंवार चावल्यावर शरीर कधी शिकतं की नाही?

काही प्राणी शिकतात. विल्यम ट्रॅगर यांनी १९३९ मध्ये गिनीपिगवर हे दाखवलं. पहिल्या खेपेला गोचिडींच्या पिल्लांनी पोटभर रक्त प्यायलं. पुढच्या खेपेला त्याच गिनीपिगवर सोडलेल्या बहुतेक पिल्लांना पोट भरता आलं नाही. अशा वेळी चाव्याच्या जागी बेसोफिल या पांढऱ्या पेशी मोठ्या संख्येने जमतात, हिस्टामिन सोडतात, प्राणी खाजवतो आणि गोचीड गळून पडते. हिस्टामिन पकडणाऱ्या त्या वाट्या गोचिडीला का लागतात, ते इथे लक्षात येतं.

पण पांढऱ्या पायांचा उंदीर, जो काळ्या पायांच्या गोचिडीचा नेहमीचा यजमान आहे, तो कितीही वेळा चावून घेतला तरी असा प्रतिकार उभारत नाही. गुरांमध्येही असा फरक दिसतो. वशिंडाच्या जाती बिनवशिंडाच्या युरोपीय जातींपेक्षा गोचिडींचा जास्त प्रतिकार करतात.

काहींना गोचीड चावल्यावर मांसाची ॲलर्जी होते, हे खरं?

खरं आहे. अल्फा-गॅल नावाची साखर माणूस आणि त्याच्या जवळच्या नातलग वानरांखेरीज बहुतेक सस्तन प्राण्यांच्या अंगात असते. काही गोचिडींच्या लाळेतही ती आढळते. चाव्यातून ती आत गेली की काहींच्या शरीरात तिच्याविरुद्ध आयजीई, म्हणजे ॲलर्जी घडवणारी, प्रतिपिंडं तयार होतात. मग गोमांस, डुकराचं किंवा मेंढीचं मांस खाल्ल्यावर साधारण तीन ते सहा तासांनी अंगावर पित्त उठतं, क्वचित जिवावर बेततं. इतक्या उशिरा त्रास होत असल्याने कारण लवकर लक्षात येत नाही.

या प्रथिनांविरुद्ध लस का नाही?

वर सांगितलेले पर्याय आणि वेशांतर आड येतात. एका प्रथिनाविरुद्ध लस दिली तर त्याचा भाऊ ते काम उचलतो.

गुरांसाठी १९९०च्या दशकात आलेली लस वेगळ्या वाटेने गेली. तिने लाळ सोडून गोचिडीच्या आतड्यातलं बीएम८६ हे प्रथिन धरलं. ते गुराच्या शरीराला एरवी कधी दिसत नाही, त्यामुळे ते लपवण्याची किंवा बदलण्याची कला गोचिडीने कमावलेली नव्हती. लस दिलेल्या गुराचं रक्त पिताना प्रतिपिंडंही पोटात जातात आणि आतून आतड्यावर घाला घालतात.

लाळेच्या बाजूने २०२१ मध्ये येल विद्यापीठातल्या गटाने लाळेतली १९ प्रथिनं एकत्र घेऊन एमआरएनए लस तयार केली. लस दिलेल्या गिनीपिगच्या त्वचेवर चाव्याची जागा लवकर लाल झाली, गोचिडी नीट न पिता गळून पडल्या आणि बोरेलियाचा संसर्ग टळला. उंदरांवर तसा परिणाम दिसला नाही. मला या कामात पटतं ते एवढं, की त्यांनी जंतूला मारायचा प्रयत्नच केला नाही. चावा लपून राहू नये, इतकंच साधलं.

ही प्रथिनं औषध म्हणून वापरता येतील?

प्रयत्न चालू आहेत. ओएमसीआयपासून बनवलेलं नोमॅकोपॅन रक्ताच्या आणि त्वचेच्या काही दुर्मीळ आजारांत, जिथे पूरक प्रथिनं स्वतःच्याच पेशींवर उलटतात, तिथे रुग्णांवर तपासलं गेलं आहे. सियालोस्टॅटिन एलने उंदरांमधल्या मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जासंस्थेवर उलटते अशा) आजाराची लक्षणं कमी केली. अडचण एकच, पण मोठी. ही प्रथिनं माणसाच्या शरीराला परकी आहेत, वारंवार दिली तर शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं.

अंगावर बसलेली गोचीड काढताना तेल, रॉकेल किंवा पेटती काडी वापरावी का?

यातलं काहीही नको. त्याने ती लगेच सुटत नाही, वेळ जातो आणि डिवचल्यामुळे ती पोटातला द्रव आणि लाळ आणखी आत सोडण्याची भीती असते. बारीक टोकाच्या चिमट्याने तिला त्वचेच्या अगदी लगत धरा आणि पीळ न देता सरळ, सावकाश वर ओढा. नंतर जागा साबण-पाण्याने धुवा. बोरेलियासारखा जंतू आत जायला सहसा एक दिवसापेक्षा जास्त वेळ लागतो, काही विषाणूंना मात्र काही मिनिटं पुरतात. म्हणून दिसताक्षणी काढलेली बरी.

गोचीड होती तोवर काही वाटलं नाही. काढल्यावर मात्र गाठ आली आणि खाज सुटली. असं का?

कारण लाळ थांबली. हिस्टामिन पकडणाऱ्या वाट्या नव्याने येत नाहीत, ब्रॅडिकायनिन तोडलं जात नाही, केमोकाइनचे निरोप पोहोचू लागतात. इतके दिवस अडवून ठेवलेल्या पेशी त्या जागी जमतात. सिमेंटचा किंवा तोंडाचा बारीक तुकडा आत राहिला असेल तर तोही त्यांना दिसू लागतो. त्यामुळे छोटी लाल गाठ काही दिवस, कधी दोन-तीन आठवडेही राहू शकते. ती हळूहळू लहान होत असेल तर काळजीचं कारण नाही. चाव्याभोवतीचा लाल डाग मात्र लहान होण्याऐवजी रोज पसरत चालला, पाच सेंटीमीटरच्या पुढे गेला, किंवा चाव्यानंतरच्या महिनाभरात ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली, तर डॉक्टरांना दाखवा आणि गोचीड चावली होती हे आवर्जून सांगा.